खातेनावाचं रूपांतर: स्ट्रिंग कापू नका, डिरेक्टरीला विचारा

सांगलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. संस्थेचं मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा मिरज, तासगाव, विटा आणि ईश्वरपूरला. कराडची एक छोटी संस्था मध्यंतरी विलीन झाली, तेव्हा तिच्या लोकांसाठी त्याच ॲक्टिव्ह डिरेक्टरी (खात्यांची मध्यवर्ती नोंद ठेवणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) फॉरेस्टमध्ये, म्हणजे डोमेनांच्या समूहात, दुसरं डोमेन, म्हणजे खात्यांचा स्वतंत्र गट, उघडून खाती तिकडे नेली. रजा-हजेरीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीपुढे ‘सांगली\एसपाटील’ अशा रूपातलं नाव साठवलेलं आहे. नव्या पोर्टलवर लोक ‘सचिन.पाटील@संस्था.इन’ असं टाकून आत येतात. ऑडिटच्या फाइलमध्ये तीच माणसं ‘सीएन=सचिन पाटील,ओयू=विटा,डीसी=सांगली,डीसी=लोकल’ अशा लांबलचक नावानं येतात (सीएन म्हणजे नोंदीचं नाव, ओयू म्हणजे डिरेक्टरीतला विभाग, डीसी म्हणजे डोमेनच्या नावाचा एकेक तुकडा). एका सहकाऱ्यानं बॅकस्लॅश आणि ‘@’ या खुणांवर स्ट्रिंग कापून एका रूपाचं दुसरं रूप करणारं फंक्शन लिहिलं. बहुतेकांचं बरोबर येतं, काहींचं ‘सापडत नाही’ येतं, आणि दोन कर्मचाऱ्यांना स्वतःच्या पानावर भलत्याच कुणाच्या रजा दिसल्या. तर हे काम खात्रीनं करणारं फंक्शन कोणतं? पोर्टल सी-शार्पमध्ये आहे, अहवालाच्या स्क्रिप्ट लिनक्सवर पायथनमध्ये.

नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, तुमच्याकडे ती रोमनमध्ये असतील. बाकी सगळं तसंच लागू आहे.

अशी फंक्शनं आहेत, एकापेक्षा जास्त आहेत, आणि ती पुढे सांगतोच. पण ‘रूपांतर’ म्हटलं की डोक्यात मीटरचे फूट करण्यासारखं काहीतरी येतं, आणि गफलत तिथेच होते. ‘सांगली\एसपाटील’ या नावातून ‘सचिन.पाटील@संस्था.इन’ निघत नाही. डिरेक्टरीत एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्या माणसाची नोंद, आहे. ही दोन्ही त्याच्यावर लिहिलेली वेगवेगळी मूल्यं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असलाच पाहिजे असं नाही. जमिनीचा जुना सर्व्हे नंबर कितीही वेळ न्याहाळला तरी त्यातून गट नंबर निघत नाही, एकत्रीकरणाचा उतारा काढून बघावा लागतो, तसंच हे. एका नावानं ऑब्जेक्ट शोधायचा आणि त्याच्यावरून दुसरं नाव वाचायचं. दरवेळी. एक छोटा अपवाद पुढे येईल, तो सोडला तर या कामाला दुसरा मार्ग नाही.

आता प्रत्येक रूप कुठे दगा देतं ते बघू, कारण तुमच्याकडची ‘काहींचं चुकतं’वाली माणसं यातच कुठेतरी सापडतील.

‘सांगली\एसपाटील’ हे विंडोज एनटीच्या काळापासून चालत आलेलं रूप. बॅकस्लॅशच्या डावीकडे डोमेनचं आखूड नाव, म्हणजे नेटबायोस नाव, उजवीकडे सॅम-अकाउंट-नेम, म्हणजे खात्याचं जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव. नेटबायोस नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असतं आणि डोमेन उभारताना स्वतंत्रपणे ठरवलेलं असतं. डोमेनच्या डीएनएस नावाचा (‘सांगली.लोकल’सारख्या टिंबवाल्या नावाचा) पहिला तुकडा आणि नेटबायोस नाव सहसा सारखंच असतं, म्हणून लोक ते सारखंच आहे असं धरून कोड लिहितात. खात्री करायची असेल तर डिरेक्टरीच्या कॉन्फिगरेशन विभागात पार्टिशन्स नावाचा कंटेनर आहे. त्यात प्रत्येक डोमेनचा एक क्रॉस-रेफ ऑब्जेक्ट असतो आणि त्यावर नेटबायोस नाव, डीएनएस नाव आणि डोमेनचं डीएन (ऑडिटच्या फाइलमधल्यासारखं लांबलचक नाव) अशी तिन्ही एकत्र मिळतात. डोमेनच्या नावांचा तक्ता तिथून वाचा. कोडमध्ये हातानं लिहू नका.

उजवीकडच्या भागाची अडचण आपल्याकडे जास्त जाणवते. युजरच्या सॅम-अकाउंट-नेमला २० अक्षरांची मर्यादा आहे. ज्ञानेश्वर सूर्यवंशी हे नाव रोमनमध्ये, मध्ये टिंब देऊन लिहिलं तर २३ अक्षरं होतात. मग खातं उघडणारा कुणी शेवटची तीन अक्षरं उडवतो, कुणी ‘डी.सूर्यवंशी’ करतो, कुणी टिंब आणि शेवटची दोन अक्षरं काढून टाकतो. यूपीएनला, म्हणजे ‘@’वाल्या लॉगिन नावाला, एवढी आखूड मर्यादा नाही, त्यामुळे तिथे पूर्ण नाव बसतं. म्हणजे ‘@’च्या डावीकडचा भाग आणि बॅकस्लॅशच्या उजवीकडचा भाग वेगवेगळे झाले. तुमच्या सहकाऱ्याचं फंक्शन ‘एसपाटील’ला जमतं आणि सूर्यवंशी, घोरपडे, क्षीरसागर अशांना जमत नाही, असं चित्र दिसलं तर हे कारण आधी तपासा.

यूपीएन दिसायला ईमेल पत्त्यासारखा असतो, पण तो ईमेल पत्ता असेलच असं नाही. त्याचा शेवटचा भाग डोमेनच्या डीएनएस नावापेक्षा वेगळा ठेवता येतो आणि तुमच्याकडे तसाच आहे: डोमेन ‘सांगली.लोकल’, प्रत्यय ‘संस्था.इन’. याउलट कराडच्या जुन्या लोकांपैकी कुणाचा प्रत्यय ‘लोकल’वालाच राहिलेला असू शकतो. आणखी एक खाच: जुन्या स्क्रिप्टनं उघडलेल्या खात्यांवर यूपीएनचा रकाना चक्क रिकामा असतो. तरीही ती माणसं लॉगिन करू शकतात, कारण सॅम-अकाउंट-नेम आणि डोमेनचं डीएनएस नाव ‘@’नं जोडलं की होणारं नाव विंडोज आपोआप मानतं. लॉगिन होतंय म्हणून कुणाला शंका येत नाही, पण एलडॅपमधून, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारायच्या प्रोटोकॉलमधून, यूपीएनवर शोध घेतला तर हाती काही लागत नाही. पोर्टलवरचं ‘सापडत नाही’ यातलं असण्याची शक्यता मोठी आहे. अशा खात्यांचा रकाना कोडमध्ये गृहीत धरून भरू नका. यादी काढा, डिरेक्टरी सांभाळणाऱ्याकडे द्या आणि मुळातच भरून घ्या.

डीएन म्हणजे ऑब्जेक्टचा पूर्ण पत्ता. पत्ता असल्यामुळे माणूस विट्याहून मिरजेला बदलून गेला आणि त्याचं खातं दुसऱ्या ओयूमध्ये हलवलं की डीएन बदललं. शहराचं नाव इस्लामपूरचं ईश्वरपूर झालं म्हणून ओयूचं नाव बदललं, तर त्या शाखेतल्या प्रत्येकाचं डीएन एका झटक्यात बदललं. साताऱ्यातल्या एका संस्थेत डीएन हीच डेटाबेसची मुख्य किल्ली ठेवलेली मी पाहिली आहे. तिथे ओयूंची फेररचना झाली त्या दिवशी अर्ध्या कर्मचाऱ्यांचा इतिहास पानावरून गायब झाला. डेटा जागेवरच होता, फक्त त्याकडे बोट दाखवणारं नाव जुनं झालं होतं.

डीएन कापण्याबद्दल एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. काही ठिकाणी आडनाव आधी लिहायची पद्धत असते: ‘पाटील, सचिन’. स्वल्पविराम हा डीएनमधला विभाजक असल्यामुळे नावातल्या स्वल्पविरामापुढे बॅकस्लॅश येतो आणि डीएन असं दिसतं: ‘सीएन=पाटील\, सचिन,ओयू=विटा,…’. आता रूप ओळखणारं तुमचं फंक्शन जर आधी ‘बॅकस्लॅश आहे का?’ असं बघत असेल, तर ते याला एनटी रूप समजणार, ‘सीएन=पाटील’ हे डोमेनचं नाव मानणार आणि उरलेली सगळी शेपटी युजरचं नाव. चूक निमूटपणे पुढे जाते, कारण दोन तुकडे तर मिळाले! म्हणून रूप ओळखायचा क्रम महत्त्वाचा. आधी एसआयडी, म्हणजे विंडोजनं खात्याला दिलेला सुरक्षा-क्रमांक, ‘एस-१-’नं सुरू होणारी स्ट्रिंग. मग कंसातला जीयूआयडी, म्हणजे ऑब्जेक्टचा एकमेव ओळख-क्रमांक. मग ‘सीएन=’सारखी सुरुवात असलेलं डीएन. त्यानंतर बॅकस्लॅश, आणि शेवटी ‘@’. यातल्या कशातही न बसणारी स्ट्रिंग आली तर अंदाज बांधू नका, ती परत करा. डीएनचे तुकडे पाडायचेच असतील तर आरएफसी ४५१४ (डीएन लिहायचे नियम) प्रमाणे चालणारी तयार लायब्ररी घ्या. स्वल्पविरामावर स्प्लिट मारू नका.

कॅनॉनिकल नाव, म्हणजे ‘सांगली.लोकल/विटा/सचिन पाटील’, हे डीएनचंच उलट्या क्रमातलं रूप. अख्ख्या प्रकारात एवढं एकच रूपांतर डिरेक्टरीला न विचारता निव्वळ अक्षरांवरून होतं, आणि तेही फक्त डीएनकडून कॅनॉनिकलकडे. मायक्रोसॉफ्टच्या डीएस-क्रॅक-नेम्स या फंक्शनमध्ये (ते पुढे येतंय) त्यासाठी वेगळा फ्लॅग आहे. नावातच तिरपी रेघ असेल तर इथेही तिच्यापुढे बॅकस्लॅश लागतो.

दाखवायचं नाव, डिस्प्ले नेम, हे शोधासाठी वापरूच नका. सांगली-साताऱ्यात सचिन पाटील, संतोष जाधव, प्रकाश शिंदे एकेका कार्यालयात दोन-दोन असतात आणि डिरेक्टरी हे नाव एकमेव असावं असा आग्रह धरत नाही. त्यातून डिस्प्ले नेम देवनागरीत भरलं असेल तर आणखी एक अडचण. ‘कऱ्हाड’ किंवा ‘कऱ्हाडकर’ लिहिताना कुणाचा कीबोर्ड खाली टिंब असलेला र आणि हलन्त टाकतो, कुणाचा साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण कोडला त्या दोन वेगळ्या स्ट्रिंग आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन लावूनही त्या एक होत नाहीत. ‘समोर तर सारखंच दिसतंय’ म्हणून अख्खी दुपार अशात जाते.

आता फंक्शनं. विंडोजवर या कामाचा मुख्य कणा म्हणजे डीएस-क्रॅक-नेम्स. डोमेन कंट्रोलरशी (डोमेनची डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरशी) किंवा ग्लोबल कॅटलॉगशी (अख्ख्या फॉरेस्टच्या शोधसूचीशी) डीएस-बाइंडनं जोडून घ्यायचं, नावांची अख्खी यादी द्यायची, दिलेलं रूप कोणतं आणि हवं ते रूप कोणतं हे सांगायचं. यादी एकदम जाते म्हणून जुन्या डेटाच्या कामाला हेच योग्य. दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. पहिली, ‘रूप माहीत नाही’ असा पर्याय इथे आहे आणि तो दिला की फंक्शन स्वतः अंदाज घेतं. तो वापरू नका, कारण तुमच्या अडचणीचं मूळ अंदाजच आहे. दुसरी, फंक्शन यशस्वी झालं याचा अर्थ सगळी नावं सापडली असा नाही. उत्तरातल्या प्रत्येक नावाला स्वतंत्र स्थिती-कोड असतो: ० म्हणजे ठीक, २ म्हणजे सापडलं नाही, ३ म्हणजे एकापेक्षा जास्त सापडली, ४ म्हणजे ऑब्जेक्ट सापडला पण मागितलेलं रूप त्याला नाही, ५ म्हणजे फक्त डोमेन कोणतं ते कळलं. यूपीएनचा रकाना रिकामा असलेली खाती ४ मध्ये भेटतील. हे कोड एकाच ‘एरर’मध्ये कोंबू नका, प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. काम झाल्यावर उत्तराची मेमरी आणि जोडणी दोन्ही सोडायची असतात; रात्रभर चालणाऱ्या सेवेत ते विसरलं की सकाळी कळतं.

ट्रान्सलेट-नेम हे त्याचं सुटसुटीत भावंड. एका वेळी एक नाव, डोमेनला जोडलेलं मशीन हवं, जोडणीची वेगळी भानगड नाही. लॉगिन झालेल्या एकाच माणसाचं नाव बदलून हवं असेल तर पुरेसं आहे. पॉवरशेल किंवा जुन्या व्हीबी स्क्रिप्टमधून काम उरकायचं असेल तर नेम-ट्रान्सलेट नावाचा कॉम ऑब्जेक्ट (स्क्रिप्टमधून वापरता येणारा विंडोजचा तयार घटक) आहे: इनिटला ३ दिलं की ग्लोबल कॅटलॉगला विचारतो, मग सेटमध्ये रूपाचा क्रमांक आणि नाव, आणि गेटमध्ये हव्या त्या रूपाचा क्रमांक. डीएन १, कॅनॉनिकल २, एनटी रूप ३, यूपीएन ९. डिरेक्टरी सांभाळणाऱ्या माणसाला पाच-पन्नास नावं तपासायला हा उत्तम.

तुमच्या सी-शार्प पोर्टलसाठी मी हे करीन. एनटी रूप आलं तर एनटी-अकाउंटचा ट्रान्सलेट वापरून एसआयडी काढायचा. नाव जुळलं नाही तर तो ठरावीक एक्सेप्शन फेकतो, तो पकडायचा. मग एलडॅपच्या पत्त्यात त्रिकोणी कंसात एसआयडी घालून थेट त्या ऑब्जेक्टवर जायचं आणि यूपीएन, डीएन, जीयूआयडी, सगळं एका फेरीत वाचायचं. यूपीएन आला तर युजर-प्रिन्सिपलचं फाइंड-बाय-आयडेंटिटी. त्याला आयडेंटिटीचा प्रकार सांगितला नाही तर ते सगळ्या रूपांत शोधत बसतं आणि दोन जुळले की मल्टिपल मॅचेसचं एक्सेप्शन देतं. प्रकार नेहमी सांगा.

लुकअप-अकाउंट-नेम या, नावावरून एसआयडी देणाऱ्या विंडोजच्या फंक्शनबद्दल एक इशारा, कारण एनटी-अकाउंटची पायवाटही तिकडूनच जाते. डोमेनशिवाय नुसतं ‘एसपाटील’ दिलं तर विंडोज आधी स्वतःची ठरलेली नावं बघतं, मग त्या मशीनवरची स्थानिक खाती, मग आपलं डोमेन, मग भरवशाची इतर डोमेनं. पहिलं सापडेल ते देतं. सर्व्हरवर कुणी चाचणीसाठी त्याच नावाचं स्थानिक खातं उघडून ठेवलं असेल तर उत्तर तेच येईल, आणि चुकीचं आहे हे कुठेही कळणार नाही. शिवाय सॅम-अकाउंट-नेम डोमेनपुरतंच एकमेव असतं. ‘सांगली\एसपाटील’ आणि ‘कराड\एसपाटील’ या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, आणि तुमचा सहकारी बॅकस्लॅशच्या डावीकडचा भाग फेकून देत असेल तर त्या एक होतात. ज्यांना दुसऱ्याच्या रजा दिसल्या, ते दोघे कराड डोमेनमधले आहेत का?

असतील तर कारण सापडलं. नसतील तर दुसरं कारण तपासा, ते जास्त फसवं आहे: खातेनावाचा पुनर्वापर. सुनील पाटील निवृत्त झाले, खातं काढून टाकलं, ‘एसपाटील’ मोकळं झालं. पुढे सचिन पाटील रुजू झाला आणि त्याला तेच नाव मिळालं. जुन्या डेटाबेसमध्ये फक्त नाव साठवलेलं असल्यामुळे सुनील पाटलांच्या रजा आता सचिनच्या पानावर दिसतात. इथे डिरेक्टरीनं दिलेलं उत्तर अगदी बरोबर आहे, फंक्शनही निर्दोष आहे, तरी निकाल चुकीचा. कारण ‘आज हे नाव कुणाचं?’ असं विचारलं गेलं आणि हवं होतं ‘त्या तारखेला हे नाव कुणाचं होतं?’. ओळखायची सोपी खूण आहे. डिरेक्टरीतल्या ऑब्जेक्टवर तो तयार झाल्याची वेळ असते. रजेची नोंद त्याच्या आधीची असेल तर ती या माणसाची नाही. पण कराडची खाती विलीनीकरणाच्या वेळी नव्या डोमेनमध्ये आली, त्यांची निर्मितीची तारीखही त्यामुळे नवीन असू शकते. त्यांना ही कसोटी आंधळेपणानं लावू नका, सेवेत रुजू झाल्याच्या तारखेशी ताडून बघा.

लिनक्सवर डीएस-क्रॅक-नेम्स नाही, आणि पायथनमधून त्याची खरं तर गरजही नाही. एलडॅप शोध पुरतो. दोन्ही डोमेनांत शोधायचं असल्यामुळे नेहमीच्या ३८९ किंवा ६३६ पोर्टऐवजी ग्लोबल कॅटलॉगचा ३२६८, आणि एन्क्रिप्टेड जोडणीसाठी ३२६९. सेवेसाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं स्वतंत्र खातं घ्या. सॅम-अकाउंट-नेमवर शोधताना शोधाचा पाया त्या-त्या डोमेनचं डीएन ठेवा, नाहीतर कराड-सांगलीचा तोच घोळ इथेही होईल.

फिल्टर बनवताना युजरकडून आलेली स्ट्रिंग जशीच्या तशी चिकटवू नका. तारा, दोन्ही कंस, बॅकस्लॅश आणि शून्य बाइट यांना फिल्टरमध्ये खास अर्थ आहे. प्रत्येकाच्या जागी बॅकस्लॅश आणि त्याचा दोन अंकी हेक्स कोड जातो. कुणी नावाच्या जागी नुसता तारा टाकला तर सगळी संस्था उत्तरात येते आणि तुमचा कोड पहिला माणूस उचलतो! पायथनच्या एलडॅप-३ लायब्ररीत यासाठी तयार फंक्शन आहे, तेच वापरा. आणि फिल्टरचे एस्केप वेगळे, डीएनचे एस्केप वेगळे. एकाचे दुसऱ्याला लावले की नव्व्याण्णव माणसांना चालतं आणि शंभरावा सापडत नाही.

उत्तरात एनटी रूप हवं असेल तर नेटबायोस तक्ता जोडत बसायची गरज नाही. एमएसडीएस-प्रिन्सिपल-नेम नावाचा ॲट्रिब्यूट ‘डोमेन\नाव’ तयार करून देतो. मात्र तो आणि कॅनॉनिकल नेम हे दोन्ही मागितल्यावर जागच्या जागी बनणारे ॲट्रिब्यूट आहेत: नाव घेऊन मागावे लागतात आणि फिल्टरमध्ये चालत नाहीत.

एसआयडी पायथनमध्ये बाइट म्हणून येतो, आणि तो उलगडताना चूक होण्याची जागा ठरलेली आहे. डोमेनमधल्या युजरचा एसआयडी २८ बाइटचा असतो (पुढचे बाइट हेक्समध्ये लिहिले आहेत). पहिला बाइट ०१, ही आवृत्ती. दुसरा ०५, म्हणजे पुढे पाच उपक्रमांक आहेत. मग सहा बाइट अधिकाराचे, ०० ०० ०० ०० ०० ०५, हे मोठा बाइट आधी या क्रमानं. आणि तिथून पुढचे चार-चार बाइटचे उपक्रमांक मात्र लहान बाइट आधी या क्रमानं: १५ ०० ०० ०० म्हणजे २१, आणि शेवटी ५१ ०४ ०० ०० असेल तर तो ११०५. एकाच मूल्यात दोन क्रम आहेत हे लक्षात आलं नाही तर शेवटचा आकडा कोट्यवधीत जातो. जीयूआयडीचंही तसंच: १६ बाइटपैकी पहिले चार, नंतरचे दोन आणि त्यानंतरचे दोन हे तीन गट उलटे, शेवटचे आठ सरळ. पायथनच्या यूयूआयडी क्लासला बाइट देताना ‘बाइट्स-एलई’वाला पर्याय निवडला की हे आपोआप होतं. लिनक्सची मशीनं विनबाइंडनं (लिनक्सला विंडोज डोमेनशी जोडणाऱ्या सेवेनं) डोमेनला जोडलेली असतील तर डब्ल्यूबी-इन्फो ही आज्ञा हाताशी ठेवा. ‘एन’ पर्यायानं नावावरून एसआयडी, ‘एस’ पर्यायानं एसआयडीवरून नाव. कोड खरं बोलतोय का हे पडताळायला झटपट उपाय.

मग डेटाबेसमध्ये साठवायचं काय? माझं मत ठाम आहे: जीयूआयडी. लग्नानंतर आडनाव बदललं की सीएन बदलतं, यूपीएन बदलतो, बहुतेकदा सॅम-अकाउंट-नेमही बदलतं. एसआयडी डोमेनशी बांधलेला असतो. खातं सांगली डोमेनमधून कराड डोमेनमध्ये गेलं की नवा मिळतो, आणि जुना एसआयडी-हिस्टरीमध्ये जातो. जीयूआयडी फॉरेस्टच्या आत खातं कुठेही हलवलं तरी तोच राहतो. पूर्णपणे वेगळ्या फॉरेस्टमध्ये स्थलांतर केलं तर तोही नवा होतो, पण तो प्रसंग ठरवून येतो आणि तेव्हा जुना-नवा तक्ता करायला वेळ असतो. शेजारी एसआयडीचा रकानाही ठेवा, विंडोजच्या परवानग्यांशी ताडायला लागतो. एनटी रूप, यूपीएन, डिस्प्ले नेम हवे तर साठवा, पण ‘शेवटचं दिसलेलं नाव आणि कधी’ या अर्थानं. त्यावर जॉइन लावू नका. आणि नावांची तुलना करायचीच वेळ आली तर लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न ठेवता करा. डिरेक्टरी ‘एसपाटील’ कसंही लिहिलं तरी एकच मानते, पायथनची डिक्शनरी मानत नाही.

उद्या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड डिरेक्टरीकडे, म्हणजे २०२३ मध्ये एन्ट्रा आयडी असं नाव मिळालेल्या अझूर एडीकडे जायचं ठरलं, तर ‘लोकल’नं संपणारा प्रत्यय तिथे पडताळून घेता येत नाही. त्या माणसांचा क्लाउडमधला यूपीएन ऑनमायक्रोसॉफ्टच्या प्रत्ययाचा होतो, म्हणजे कार्यालयातला आणि क्लाउडमधला यूपीएन वेगळा. दोन्हीकडची खाती जोडणारा दुवा मात्र बऱ्याचदा याच जीयूआयडीचं बेस-६४ रूप असतो. म्हणून आज तो साठवलात तर पुढचं काम हलकं होतं.

जुना डेटा सुधारताना थेट अपडेट चालवू नका. आधी वेगवेगळी नावं तेवढी काढा. लाखभर नोंदींमागे माणसं काही शेच निघतील. ती एकत्र विचारा. एलडॅपनं विचारत असाल तर एका शोधात १००० पेक्षा जास्त उत्तरं येत नाहीत ही मूळ मर्यादा आहे, पानापानानं मागायची सोय वापरा. आलेलं उत्तर वेगळ्या टेबलात स्थिती-कोडसह ठेवा. जे सापडलं आणि तारखेच्या कसोटीला उतरलं ते पुढे जाऊ द्या. जे सापडलं पण तारीख जुळत नाही, आणि जे सापडलंच नाही, ते आस्थापना विभागाकडे छापून द्या. तिथे वर्षानुवर्षं बसलेली माणसं ‘हे एसपाटील म्हणजे आमचे सुनीलराव’ असं पाहताक्षणी सांगतात. हे ज्ञान कुठल्याही सर्व्हरवर नाही. अलीकडेच काढलेली खाती काही काळ डिलीटेड ऑब्जेक्ट्समध्येही मिळतात. रिसायकल बिन चालू असेल तर मूळ मुदत १८० दिवसांची असते, आणि तिथे जीयूआयडी व एसआयडी शाबूत असतात.

चालू वापरात प्रत्येक पानाला डिरेक्टरीला विचारायची गरज नाही. लॉगिनच्या वेळी एकदा विचारून जीयूआयडी सेशनमध्ये ठेवा. शाखेच्या लाइनचा भरवसा नसेल तर हा फरक तिथल्या लोकांना लगेच जाणवतो. ‘सापडलं नाही’ हे उत्तर मात्र कॅशमध्ये फार वेळ ठेवू नका. सकाळी खातं उघडलेला नवा माणूस दुपारपर्यंत दारातच उभा राहतो.

चाचणीसाठी वेगळ्या ओयूमध्ये काही मुद्दाम अवघड खाती उघडून घ्या: रोमनमध्ये २० अक्षरांपलीकडे जाणारं नाव, सीएनमध्ये स्वल्पविराम असलेलं, सीएनमध्ये कंस असलेलं, यूपीएन रिकामा असलेलं, ‘लोकल’ प्रत्ययाचं, दोन्ही डोमेनांत एकाच सॅम-अकाउंट-नेमची जोडी, आणि देवनागरी डिस्प्ले नेमचं ‘कऱ्हाडकर’ दोन्ही पद्धतींनी टाइप करून. एक खातं उघडून, त्याच्या नावानं रजा टाकून, मग त्याचं आडनाव बदला आणि ओयूही बदला. रजा त्याच्याच पानावर राहिली पाहिजे. दुसरं एक खातं रजा टाकून काढून टाका आणि त्याच नावानं नवं उघडा. नव्याच्या पानावर एकही रजा दिसता कामा नये.